थुंकी मागणारे यंत्र

मी एक जुने यंत्र आहे. माणसाची थुंकी तपासून तिच्यात क्षयाचे जंतू आहेत की नाहीत, हे सांगणे एवढेच माझे काम होते. नाक मुरडू नका, मित्रांनो. ज्याच्या घरात खोकला मुक्कामाला आला आहे, त्याला माझी किंमत ठाऊक असते. सध्या मी कंबोडियातल्या त्रापांग स्ले नावाच्या गावात, रुम्दोल नावाच्या बाईच्या उंच घराखाली, खांबांच्या मधल्या सावलीत पडलो आहे. माझी दारे निखळली आहेत. पाठीला भगदाड आहे आणि त्या भगदाडात एक पिवळी कोंबडी अंडी घालते. तेव्हा माझ्याकडून गोडगोड गोष्टीची अपेक्षा करू नका. माझ्या गोष्टीत मारहाण आहे, रक्त आहे, आणि ज्यांनी मारले ती सगळी भली माणसे आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे मला एकच विद्या शिकवली: फोडायची. क्षयाचा जंतू मोठा चिवट. अंगावर मेणाचे चिलखत चढवून बसतो आणि औषधालाही सहजासहजी दाद देत नाही. मी त्याला पाण्यात बुडवायचो, आवाजाच्या हादऱ्यांनी त्याचे चिलखत फोडायचो आणि त्याच्या पोटातले गुपित बाहेर काढून तो कोण आहे ते ओळखायचो. एका अर्थी मी खाटीकच. पण माझ्या खाटीकखान्यात माणसे वाचत, म्हणून मला माझ्या धंद्याची कधी लाज वाटली नाही.

प्रांताच्या इस्पितळात मी आलो तेव्हा केवढा माझा थाट! भिक्षूंनी माझ्यावर मंतरलेले पाणी शिंपडले. थेंब तारांत जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी मला घाईघाईने पदर... नव्हे, टॉवेल पांघरला. मोठमोठे साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून गेले. पूर्वी ज्या उत्तरासाठी माणूस महिना-महिना ताटकळायचा, ते मी भात शिजून, जेवणे उरकून भांडी घासून होईपर्यंत द्यायचो. मी गर्विष्ठ झालो होतो, हे कबूल. मी कधी चुकत नाही, असे सगळे म्हणत आणि मलाही ते खरे वाटे.

मग नवी यंत्रे आली. माझी दारे चार, त्यांची सोळा. माझी दोन दारे एव्हाना बंद पडली होती. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरे काय! मला एका कोपऱ्यात ढकलले आणि माझ्या डोक्यावर चहाचे पेले ठेवू लागले. तिथून मला बोरेथने उचलले. बोरेथ हा प्रयोगशाळेतला माणूस, तोंडाने फटकळ पण हाताने हळवा. त्याने मोटारसायकलच्या मागे गाडा जोडला, त्यात जुनी गादी घातली, मला तीवर बसवले आणि स्वतःच्या गळ्यातला चौकड्यांचा पंचा, तिथल्या भाषेत क्रमा, माझ्यावर पांघरला.

"चल म्हाताऱ्या," तो म्हणाला, "इस्पितळात येणारे येतातच. आपण न येणाऱ्यांकडे जाऊ."

असे आम्ही त्रापांग स्लेला आलो. विहाराच्या आवारातल्या मंडपात मला मांडले. तिथे पहिल्यांदा मी रुम्दोलला पाहिले. ती सकाळी शाळेच्या फाटकापाशी बाबर विकायची, म्हणजे तांदळाची पातळ पेज, वर सुके मासे आणि कांद्याची पात. उरलेल्या दिवसात ती गावाची आरोग्यसेविका. पगार नाही, फक्त एक टोपी. सगळे तिला मिंग म्हणत, म्हणजे मावशी. घरोघर जाऊन थुंकीच्या डब्या गोळा करणे हे तिच्याकडे आले.

आता थुंकी मागणे म्हणजे काय, हे त्या गावाला विचारा. केस, नखे आणि थुंकी परक्याच्या हाती पडू द्यायची नाही, हे तिथले मूल बोलायला लागायच्या आधी शिकते. थुंकी मिळाली की करणी करणाऱ्याला माणूसच मिळाला. त्यातून पहाटेची, खोल छातीतून काढलेली थुंकी मागायची म्हणजे जिवाचा गाभाच मागितल्यासारखे होते. आणि रुम्दोल नेमकी तीच मागायची.

खोन नावाच्या सुताराची आई, याय पेन, म्हणजे पेनआजी, मंडपाच्या पायरीवर बसून तिला म्हणाली, "पोरी, माझी थुंकी तुला कशाला गं? भाजीला फोडणी द्यायचीय?"

"याय, तुझ्या थुंकीची फोडणी दिली तर गावातलं कुत्रंसुद्धा जेवायचं नाही. थुंक डबीत, नि लाव झाकण."

"आधी तू थुंक."

"ही बघ थुंकले."

रुम्दोलने सगळ्यांदेखत डबीत थुंकून दाखवले. मग बोरेथला कोपर मारून त्यालाही थुंकायला लावले. बायका तोंडावर हात धरून हसल्या आणि त्या हसण्यातच डब्या भरल्या. खोनची बायको चेंडा आली. ती इतकी वाळली होती की तिचा सारोंग कंबरेवर टिकत नव्हता. पाठीवर नाण्याने खरडल्याचे लाल पट्टे होते, तापाचा वारा निघून जावा म्हणून काढलेले. खोन तिला उचलूनच घेऊन आला होता.

गावात आणखी एकाचा थुंकीशी संबंध होता. तो म्हणजे ता न्येप, न्येपआजोबा, गावचा वैद्य-मांत्रिक. तो पान चघळायचा, ओठांत मंत्र पुटपुटायचा आणि आजाऱ्याच्या कपाळावर, छातीवर, तोंडावर पानाच्या रसाची फुंकर सोडायचा. त्याच्या फुंकरीवाचून त्या गावात एकही मूल वाढले नव्हते. रुम्दोलसुद्धा नाही. तो मला बघायला आला, माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि रुम्दोलला म्हणाला, "तू थुंकी नेतेस, मी थुंकी देतो. दोघं मिळून दुकान काढू या की."

"काढू, ता. पण तुमचा खोकला आधी डबीत घाला. लई दिवस ऐकतेय मी तो."

"हा? हा चुन्याचा खोकला. पानात चुना जास्त पडतो." एवढे म्हणून तो खोकत खोकत निघून गेला.

त्या दिवशी मी दोघांच्या थुंकीला 'हो' म्हणालो. एक चेंडा आणि दुसरा तळ्यातले मासे धरणारा एक म्हातारा. रुम्दोलने दोघांच्या घरी जाऊन, दार लोटून घेऊन, हळूच सांगितले. घाबरू नका, गोळ्या येतील, सहा महिन्यांत ठणठणीत व्हाल, असे ती म्हणाली. तिने ते मनापासून सांगितले, कारण तिला तसेच सांगितले गेले होते.

गोळ्या आल्या नाहीत. कोठारात माल नव्हता. मग माल आला तर कागद नव्हता. मग पाऊस लागला आणि रस्ता वाहून गेला. इस्पितळात परतल्यावर बोरेथ रोज साहेबांच्या दारात जाऊन तोंड टाकायचा आणि मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतका संताप कधी आला नव्हता. मी 'हो' म्हणालो होतो. माझ्या 'हो'च्या पाठोपाठ कोणीतरी धावत जायला हवे होते. कोणीच गेले नाही. आधी म्हातारा गेला, मग चेंडा गेली.

गावाने हिशेब मांडला. रुम्दोलने ज्यांच्या दारात जाऊन हळू आवाजात नाव घेतले, ती दोघेही मेली. ज्यांना ती काही बोलली नाही, ते जगले. हा हिशेब चुकीचा होता, पण मूर्खपणाचा नव्हता. त्या पायरीवर बसून तुम्हीही हाच मांडला असता.

आम्ही पुन्हा त्रापांग स्लेला गेलो ते रस्ता सुकल्यावर. या खेपेला गोळ्यांचे खोके गाड्यात माझ्या मांडीला मांडी लावून बसले होते आणि बोरेथ शीळ घालत होता. मंडपात रुम्दोल एकटीच होती. बाबरचे पातेले तिने सोबत आणले होते, पण खायला कोणी नव्हते.

"लोक कुठायत, मिंग?" बोरेथने विचारले.

"येतील," ती म्हणाली. "आज बोलत नाहीयेत माझ्याशी. कालपण नव्हते बोलत. तू यंत्र लाव."

लोक आले. पुढे खोन होता, हातात मुसळ. मागे पुरुष होते, बायका होत्या, आणि याय पेनही होती. कोणी आरडाओरडा करत नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली.

खोन सरळ तिच्यासमोर आला. "माझ्या बायकोची थुंकी दे."

"काय?"

"नेली होतीस ना? परत दे. कुठं पुरलीस ती सांग, मी उकरून काढतो."

"खोन, ती पुरत नाहीत रे..."

"मग काय केलंस तिचं?"

रुम्दोल खोटे बोलू शकली असती. नदीत सोडली म्हणाली असती तर कदाचित निभावले असते. पण ती बाई सरळ, आणि इस्पितळात तिला शिकवले होते की लोकांना खरे ते सांगावे. ती म्हणाली, "जाळली. तपासून झाली की सगळ्यांचीच जाळतात. इस्पितळाची भट्टी आहे."

सगळ्या मंडपाने श्वास आत ओढला. थुंकी जाळणे! करणी करणारा दुसरे काय करतो? थुंकी जळते तसे माणसाचे अंग तापाने जळते आणि राख होऊन जाते. चेंडा तशीच तर गेली होती. रुम्दोलने आपल्या तोंडानेच कबुली दिली, असे त्यांना वाटले.

पहिले मुसळ तिच्या उजव्या हातावर बसले. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखतो, मी कवचे फोडणारा. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती खाली बसली. मग कोणीतरी बाबरचे पातेले तिच्यावर उलटे केले. वाफाळती पेज तिच्या मानेवरून पाठीत गेली, तेव्हा ती ओरडली. बायकांनी तिचे केस धरले. ज्या बाईच्या बाळंतपणात रुम्दोल रात्रभर बसली होती, तिने तिच्या तोंडावर चप्पल मारली. बोरेथ मध्ये पडला तर एक दगड त्याच्या कानावर आला आणि तो माझ्यावरच कोसळला. त्याचे रक्त माझ्या झाकणावरून ओघळत खाली आले. मी पाहात होतो. मला हात नाहीत, पाय नाहीत. एवढी विद्या असून मी दगडासारखा बसून होतो, आणि त्याचे दुःख मला अजून आहे.

"ओढा हिला तळ्याकडे!" कोणीतरी म्हणाले.

"सोडा तिला."

हा आवाज ता न्येपचा होता. तो काठी टेकत, धापा टाकत आला. गर्दी बाजूला झाली. त्याच्या वाटेत उभे राहायची कोणाची छाती नव्हती.

"ता, हिनं कबूल केलंय," खोन म्हणाला. तो रडत होता. "जाळली म्हणते. माझ्या चेंडाची थुंकी जाळली म्हणते!"

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून." ता तिथेच पायरीवर बसला. "खोन, तुला गोवर झाला तेव्हा तुझ्या उशाशी कोण होतं?"

"तुम्ही."

"मग माझं एक ऐक. मारायचंच तर खात्री करून मार. माझी थुंकी घाला त्या पेटीत. जाळा तीपण. पुढच्या पौर्णिमेपर्यंत मी मेलो, तर ही चेटकीण. काय करायचं ते करा. जगलो, तर हिच्या अंगाला पुन्हा हात लावायचा नाही. आहे कबूल?"

"ता, नका हो!" याय पेन कळवळून म्हणाली. "तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"तर तुझ्या घरी मेजवानी, पेन. तुझी माझी जुनी भांडणं संपतील." कोणी हसले नाही. ता न्येपने डबी हातात घेतली, छातीच्या तळापासून खोकला आणि थुंकला. लोक त्या डबीपासून मागे सरकले. मग एकेक करून पांगले. रुम्दोलचा जीव त्या म्हाताऱ्याने आपल्या थुंकीच्या बदल्यात सोडवून घेतला होता.

बोरेथने एका हाताने कान दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने ती थुंकी माझ्यात घातली. मी कामाला लागलो. बाहेर रुम्दोल हाताला बांबूच्या चिरफळ्या बांधून घेत कण्हत होती. आत मी फोडत होतो. आणि मित्रांनो, आत नुसती जत्रा भरली होती. इतके जंतू मी फार थोड्या थुंक्यांत पाहिले होते. तो चुन्याचा खोकला नव्हता. त्या फुंकरीबरोबर किती वर्षे काय काय बाहेर पडत होते, ते मला कळले. कोणाच्या कपाळावर आणि कोणाच्या तोंडावर, तेही कळले.

मी 'हो' म्हणालो. मला दुसरे काही म्हणता येत नाही.

बोरेथने रुम्दोलच्या कानाशी लागून सांगितले. तिने डोळे मिटले. "त्यांनाच सांग. घरी जा आणि फक्त त्यांना सांग. गोळ्या आहेत ना आज? मग आजच सुरू करू."

पण तेवढ्यात गावप्रमुख सारिम तिथे आला होता आणि त्याने ऐकले. सारिम वाईट माणूस नव्हता. सकाळी तो शेतावर होता, मार पडला तेव्हा गावात नव्हता, याची त्याला शरम वाटत होती. आता ती भरून काढायची संधी त्याला दिसली.

"म्हणजे मिंगचा काही दोष नाही!" तो म्हणाला. "हे गावाला कळायलाच पाहिजे."

"नको, सारिम," रुम्दोल म्हणाली. "थांब. अरे, थांब!"

तो थांबला नाही. गावात काही सांगायचे असले, मग ते लग्न असो की हरवलेली म्हैस, तर ते विहाराच्या भोंग्यावरून सांगायचे, ही तिथली रीत. थोड्याच वेळात भोंगा खरखरला आणि सारिमचा आवाज साऱ्या भातशेतांवरून गेला.

"गावकऱ्यांनो, ऐका. मिंग रुम्दोल चेटकीण नाही. तिला मारलंत ते चूक झालं. रोग ता न्येपच्या तोंडात आहे. यंत्रानं सांगितलंय. त्यांच्या थुंकीत रोग आहे. पुन्हा सांगतो..."

त्याने खरेच पुन्हा सांगितले. भल्या माणसाने भलेपणाने केलेली चूक, पण आगीत तेल ते आगीत तेल.

खोन मंडपात शिरला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू आला नाही. त्याने माझ्या तारा उपटल्या आणि मला खांद्यावर घेतले. "चल," तो मला म्हणाला, "त्याच्या तोंडावर सांग." गर्दी त्याच्यामागे धावली. सकाळी जी माणसे ता न्येपला वाट करून देत होती, तीच आता त्याच्या घरावर दगड मारीत होती. म्हातारा वरच्या पडवीत पान लावत बसला होता. एक दगड पानाच्या तबकावर पडला, दुसरा त्याच्या भुवईवर. दोघांनी शिडी चढून त्याला पायाला धरून खाली ओढले. प्रत्येक पायरीवर त्याचे डोके आपटत आले.

"तू माझ्या बायकोच्या तोंडावर थुंकलास!" खोन ओरडला. त्याने मला जमिनीवर आदळले आणि मुसळ उचलले.

"फुंकर मारली, बाळा," ता म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त आणि पान एकत्रच येत होते. "फुंकरच मारली रे मी."

"माझ्या पोरावर पण मारलीस!" एक बाई किंचाळली. "माझ्या पोरावर!"

इतक्यात रुम्दोल आली. मोडलेला हात छातीशी बांधलेला, मान भाजून लाल, अर्धे केस उपटलेले. लाकडे फोडायची कुऱ्हाड शिडीपाशी पडली होती. ती तिने डाव्या हाताने उचलली. लोक मागे सरले, त्यांना वाटले ही आता खोनला मारणार. तिने ती माझ्या पाठीत घातली.

मित्रांनो, ते फार दुखले. त्याहून जास्त झोंबले ते तिचे बोलणे.

"ही पेटी!" ती ओरडली. "हिच्यापायी सकाळी तुम्ही मला फोडलंत, आता यांना फोडताय! उद्या हिच्यात तुझी थुंकी घातली खोन, तर ही तुझं नाव घेईल. तुझं घेईल, याय. ज्या पोरासाठी किंचाळतेस, त्याचं घेईल गं! मग त्यालापण ओढाल का शिडीवरून? खोटी आहे ही! गावात भांडणं लावायला आलीय!" आणि तिने दुसरा घाव घातला.

मी खोटा? ज्या बाईसाठी मी कधी चुकलो नव्हतो, तीच मला चारचौघांत खोटारडा म्हणत होती. मला ओरडून सांगावेसे वाटले की म्हाताऱ्याच्या छातीत रोगाची जत्रा आहे, मी स्वतः पाहिली आहे! तेवढ्यात माझे लक्ष तिच्या पायांकडे गेले. घाव माझ्यावर घालताना ती सरकत सरकत ता न्येप आणि गर्दी यांच्या मधोमध येऊन उभी राहिली होती. तेव्हा मला उमगले. ती गर्दी कोणाला तरी फोडल्याशिवाय घरी जाणार नव्हती, आणि तिने त्यांना मला दिले होते.

खोनचे मुसळ खाली आले. माझ्यावर. मग सगळ्यांचेच हात माझ्यावर तुटून पडले. माझी काच फुटली, दारे उडाली, तारा आतड्यासारख्या बाहेर आल्या. ज्या बाईने किंकाळी फोडली होती, ती माझ्या झाकणावर नाचत होती आणि रडत होती. हळूहळू त्यांचे हात थकले. कोणी मुसळ टाकले, कोणी तोंडावरचा घाम पुसला. आपण काय करत होतो, हे त्यांना थोडे थोडे दिसू लागले. मग एकमेकांकडे न बघता ते निघून गेले.

रुम्दोल म्हाताऱ्यापाशी बसली. त्याचे डोके मांडीवर घेऊन ती त्याच्या कानात म्हणाली, "पेटी खोटं बोलली नाही, ता. तुम्हाला रोग आहे. उद्यापासून गोळ्या."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "चुन्यानं एवढा खोकला येत नाही. मला काय कळत नव्हतं होय?" मग तो म्हणाला, "चेंडाच्या तोंडावर मीच ना गं?" रुम्दोल त्याच्या भुवईवरचे रक्त पुसत राहिली.

पुढे पोलीस आला, चहा प्यायला. गाडा उलटला, असे सगळ्या गावाने एका सुरात सांगितले आणि रुम्दोलनेही तेच सांगितले. ता न्येपने रोज सकाळी तिच्यासमोर गोळ्या गिळल्या आणि तो बरा झाला. आता तो मंत्र म्हणतो, पण फुंकर मारत नाही. लोक म्हणतात त्याची शक्ती गेली. तो म्हणतो, देवाने तोंड मिटून काम करायला सांगितले आहे.

पण माझ्या मोडण्याची किंमत मोजावी लागलीच. हे गाव धोक्याचे, असे वर कोणीतरी ठरवले आणि बोरेथचा गाडा या बाजूला यायचा बंद झाला. थुंकी मागायची रुम्दोलला सोय राहिली नाही. जिने स्वतः मला खोटे म्हटले, तिने कोणत्या तोंडाने डबी पुढे करावी? तळ्याकाठच्या एका घरातून खोकला ऐकू येई. एके दिवशी तो ऐकू यायचा थांबला. त्या दिवशी रुम्दोल घराखाली येऊन माझ्याजवळ बसली आणि खूप रडली.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. खोन रोज सकाळी या घराच्या फाटकापाशी यायचा आणि परत जायचा. शेवटी एकदा रुम्दोल पातेले ढवळता ढवळता म्हणाली, "काय हवंय?"

"बाबर."

"बाबर घ्यायला माणूस वाडगा घेऊन येतो."

तो खोकला. थांबवायचा प्रयत्न केला, जमला नाही. त्याने खांब धरला. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत दया नव्हती, आणि का असावी?

"मला मारताना दम लागला नव्हता तुला," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली. "पेटी कुठंय?"

"ती काय. कोंबडी बसलीय तिच्यात."

"दुरुस्त नाही होणार?"

"मेलेलं दुरुस्त होत नाही, खोन. तुला कशाला सांगायला हवं?"

"पहिला घाव तुझा होता, मिंग."

"होता. का घातला, तेही सांगू का?"

त्याने नको म्हणून मान हलवली. मग ती वर गेली आणि एक डबी घेऊन आली. "चूळ भर. खोलवरून काढ. नि झाकण घट्ट लाव."

तो ताडाच्या आड गेला. परत आला तेव्हा त्याने डबी दोन्ही हातांत धरली होती आणि डोके वाकवले होते, जसे तिथे वडीलधाऱ्यांना काही देताना वाकतात. पण ती त्याच्या हातून सुटत नव्हती. "जाळतील का?" त्याने विचारले.

"जाळतील. सगळ्यांचीच जाळतात. माझीसुद्धा जाळली."

त्याने डबी सोडली. रुम्दोलने ती डाव्या हाताने घेतली, कारण तिचा उजवा हात वाकडाच जुळला आहे आणि त्याला धड काही धरता येत नाही. पातेले तसेच ठेवून ती प्रांताच्या गाडीला गेली. रस्ता लांबचा, आणि तिथली नवी यंत्रे कामात बुडालेली.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, धूळ पुसा, झाकून ठेवा, असे मी तुम्हाला सांगेन असे तुम्हाला वाटत असेल. तेही करा. पण त्याआधी यंत्राने दिलेल्या उत्तराची काळजी घ्या. ज्याचे उत्तर त्यालाच द्या, त्याच्या घरी जाऊन, आणि जाताना हातात औषध घेऊन जा. भोंग्यावरून सांगितलेले खरे आणि औषधावाचून सांगितलेले खरे काय करते, ते मी माझ्या पाठीवर सोसले आहे.

खोन रोज सकाळी येऊन रस्त्याकडे तोंड करून माझ्याशेजारी बसतो. खोकला आला की तोंडावर क्रमा धरतो, कारण रुम्दोलने तसे सांगितले आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मी धड असतो तर जेवणाची भांडी घासून व्हायच्या आत सांगितले असते.